माळाचं गवत परत आणायचं तर आधी वाड्यावर जा : नवख्यांसाठी मार्गदर्शक

पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक गावाला माळ आहे. कागदावर तो कुठे गुरचरण असतो, कुठे वनखात्याचा, कुठे नुसताच ‘पडीक’. अलीकडे हा माळ सुधारायला बरीच मंडळी पुढे येऊ लागली आहेत. गावातले तरुण आहेत, ग्रामपंचायतीचे नवे सदस्य आहेत, संस्थांत नुकतेच लागलेले कार्यकर्ते आहेत, कंपन्यांच्या सामाजिक निधीवर काम करणारे आहेत. त्यांतले बहुतेक जण पहिल्याच पावसात रोपं घेऊन माळावर पोचतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि रोपं आणण्याआधी वाचायचा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. माळावर पिढ्यान् पिढ्या मेंढरं चारणाऱ्या धनगरांकडे गवताचं, पावसाचं आणि जनावराचं बारीक ज्ञान आहे. बाहेरून येणाऱ्यांकडे बी, पैसा, मोजमाप आणि सरकारी कागद हलवण्याची ताकद आहे. या दोन गोष्टी जुळतात की नाही, ते वेळापत्रकावर ठरतं. बहुतेक योजना तिथेच फसतात.

वेळापत्रकाचा पेच

दिवाळी झाली, खरिपाची रानं मोकळी व्हायला लागली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणारी कुटुंबं आणि त्यांचे तळ, निघतात. फलटण, माण, खटाव, बारामती, इंदापूर या भागांतले कितीतरी वाडे घाट उतरून कोकणात जातात, काही नदीकाठच्या बागायती पट्ट्यात फिरतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत द्यायचं, त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. पाऊस लागायच्या आत वाडा माघारी येतो, कारण कोकणातल्या पावसात मेंढी टिकत नाही. खुरं सडतात, कोकरं मरतात. मृगाच्या सुमाराला वाडा घरी पोचतो आणि दिवाळीपर्यंत घरच्या माळावरच असतो.

आता गवताच्या बाजूने बघा. बहुवर्षायू गवताला मृगाच्या पावसावर फुटवे येतात, श्रावण-भाद्रपदात ते फुलोऱ्यावर येतं, आश्विन-कार्तिकात बी पडतं. म्हणजे वाडा घरी असतो तेच महिने गवताच्या वाढीचे. बाहेरचा माणूस शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर सांगतो, की जून ते ऑक्टोबर चराई बंद ठेवा. वाड्याच्या कानावर मात्र त्याचा अर्थ असा पडतो, की तुम्ही घरी असाल तेवढे दिवस घरच्या माळावर पाय ठेवू नका. मग बंदी रात्री मोडली जाते, नाहीतर मेंढरं शेजारच्या गावच्या माळावर जातात आणि तो माळ उजाड होतो. दोन्हींत दोष मेंढपाळाला मिळतो.

हिवरे बाजारने चराईबंदी करून दाखवली, हे उदाहरण प्रत्येक बैठकीत कोणीतरी देतंच. तिथे १९९० च्या दशकात आदर्श गाव योजनेत ग्रामसभेने निर्णय घेतला, डोंगरावरचं गवत विळ्याने कापून न्यायची पद्धत बसली आणि गवत वाढलं. ते काम मोठंच आहे. पण गोठ्यात बांधलेल्या गाई-म्हशींना कापलेलं गवत आणून घालता येतं, दोनशे मेंढरांच्या वाड्याला ते जमत नाही. मेंढी चालत चरते, निवडून चरते. ज्या गावात मेंढरावर घरं चालतात तिथे सरसकट बंदी म्हणजे त्या घरांना गाव सोडायला सांगणं. त्यामुळे तिथे वेगळा मार्ग लागतो. तो पुढे सांगतो.

पायरी पहिली : माळ खरंच खराब झालाय का, ते बघा

झाडं नाहीत म्हणजे जमीन उजाड, हा समज आधी डोक्यातून काढा. दख्खनचा माळ मुळातच गवताळ आहे. विरळ हिवर, बोर, बाभळी आणि मधे गवत, हेच त्याचं निरोगी रूप. लांडगा, चिंकारा, तणमोर आणि धाविक हे पक्षी यांना असाच मोकळा माळ लागतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं तेही अशाच गवताळ जमिनीवर. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत मात्र असे माळ वर्षानुवर्षं ‘पडीक’ म्हणून मोजले गेले, आणि त्यामुळे त्यांच्यावर गिरिपुष्पाच्या रांगा लावणं हे पुण्याचं काम वाटू लागलं.

चांगल्या माळाची खूण म्हणजे ठोंब, एका बुडख्यातून फुटलेला गवताचा झुपका. पवना, डोंगरी, मारवेल, अंजन ही गवतं ठोंब धरून राहतात. वरचं गवत वाळलं तरी बुडखा जिवंत असतो. एप्रिल-मे महिन्यात माळावरून चाला आणि पायाला ठोंब लागतात का बघा. हाताने ओढून पाहिलं तर पक्का ठोंब सुटत नाही.

माळ उतरणीला लागला की आधी पवना कमी होतो, कारण मेंढरं त्याच्यावर तुटून पडतात. मग कुसळ नावाचं टोचऱ्या बियांचं गवत वाढतं. पुढे कुसळाचेही ठोंब जाऊन एका पावसाची बारीक, आखूड गवतं उरतात, जी दसऱ्याला वाळून वाऱ्यावर उडून जातात. शेवटी मुरूम उघडा पडतो, आणि जनावर तोंड लावत नाही असा तरवड, गाजरगवत, रानतुळस तेवढी दिसते. तुमचा माळ यांतल्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर सगळं ठरतं. हातभर अंतरावर जरी जिवंत ठोंब असतील तरी बी पेरायची गरज नाही, नुसती विश्रांती पुरते. ठोंब शोधूनच सापडत असतील तर बी लागेल. मुरूमच उरला असेल तर काम लांबीचं आहे, आणि ते दोन-तीन वर्षांत होईल असं कोणालाही सांगू नका.

पायरी दुसरी : वाड्यावर जा

बैठक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात घेऊ नका. सकाळी अकराला मेंढपाळ रानात असतो. येतो तो ज्याच्याकडे मेंढरं नाहीत असा माणूस, आणि बोलतोही तोच. वाड्यावर संध्याकाळी जा, मेंढरं परतल्यावर. कोकरं आयांना पाजायला सोडण्याचा गोंधळ आटोपू द्या. त्या वेळात कोणालाही तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. राम राम घाला, आबा, तात्या, मामा जे नातं जुळेल त्याने हाक मारा आणि वही बाहेर काढू नका. पहिल्या भेटीत योजनेचं नावही काढलं नाही तरी चालेल.

दुसऱ्या भेटीत एक दिवस मेंढरांबरोबर चालायची परवानगी मागा. हा दिवस कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त देऊन जातो. सकाळी दव असेतो मेंढरं माळावर का सोडत नाहीत, ते विचारा. ओल्या गवताने पोट फुगतं, रोग लागतो, हे उत्तर मिळेल. कळपाचं तोंड कुठल्या दिशेला धरलंय ते बघा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते वेगळं असतं, वाऱ्याकडे बघून ठरतं. कुठल्या ओघळीत पाणी शेवटपर्यंत टिकतं, कुठल्या उतारावर गवत आधी हिरवं होतं आणि आधी वाळतं, पूर्वी कुठे पवना होता आणि कुठल्या दुष्काळानंतर गेला, कुठल्या जागी मेंढरं न हाकताच थांबतात, हे सगळं चालता चालता विचारायचं. खाली बसून विचारलं तर उत्तरं मोघम येतात, जागेवर उभं राहून विचारलं तर बोट दाखवून मिळतात.

बायकांशी वेगळं बोला, आणि शक्यतो तुमच्यातल्या बाईनेच बोलावं. वाडा हलवणं, उभा करणं, घोड्यावर बिऱ्हाड लादणं, कोकरं सांभाळणं, पाणी, सरपण हे सगळं त्यांच्या हातात आहे. कोकराला पहिला कोवळा पाला कुठला मानवतो, कुठल्या झाडाची डहाळी दुष्काळात तारते, हे त्यांना विचारावं लागतं. राखीव पट्ट्यामुळे पाण्याची किंवा सरपणाची वाट लांबली तर भार त्यांच्यावर पडतो आणि बैठकीत ते कोणी बोलत नाही.

या भेटींतून तुमच्या हातात दोन कागद यायला हवेत. एक, माळाचा हाताने काढलेला नकाशा, ज्यावर जागांची नावं वाड्यावरची असतील. दुसरा, नक्षत्रांप्रमाणे मांडलेलं वर्षाचं वेळापत्रक : मृगात कळप कुठे, आर्द्रेत कुठे, हस्तात कुठे. महिन्यांत मांडाल तर चुकेल. पावसाचा हिशेब तिथे नक्षत्रावर चालतो.

पायरी तिसरी : जमीन कोणाची

या पायरीत रस नसला तरी ती टाळू नका. सातबारा आणि गावनकाशा काढा, तलाठ्याकडून गट नंबर नक्की करा. गायरान असेल तर जमीन सरकारची, सांभाळ ग्रामपंचायतीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गावाच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवायची तरतूद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणाच्या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं. तरीही गायरानं आक्रसत आहेत. आता सौर कृषी वाहिनी योजनेतले प्रकल्पही गायरानांवर येत आहेत. म्हणून हद्दीची मोजणी आणि ‘या गटावर चराई चालते’ असा ग्रामसभेचा ठराव आधी हवा, गवत नंतर. पाच वर्षं खपून उभं केलेलं कुरण कागद नाही म्हणून हातचं गेलं तर दाद मागायला जागा राहत नाही.

माळ वनखात्याचा असेल तर परिक्षेत्र अधिकाऱ्यांशी बोलल्याशिवाय एक दगडही हलवू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक चराईचा आणि फिरत्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नाही, त्यामुळे त्यांना तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. जुन्या चराईच्या पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब, बिरोबाच्या, म्हणजे धनगरांच्या देवाच्या, ठाण्याच्या नोंदी हे सगळं जमा करायला वाड्याला मदत करणं, हे बाहेरच्या माणसाचं फार मोलाचं काम आहे. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा.

पायरी चौथी : पट्टे पाडा

आता तो वेगळा मार्ग. माळाचे तीन किंवा चार पट्टे पाडायचे. दरवर्षी एकच पट्टा मृगापासून बी पडेपर्यंत पूर्ण राखायचा, बाकीचे चराईला उघडे. पुढच्या वर्षी राखण दुसऱ्या पट्ट्यावर. तीन-चार वर्षांत सगळ्या माळाला एकेक पूर्ण पावसाळा मिळतो आणि वाड्याला दरवर्षी घरी जागा राहते.

पट्ट्यांच्या सीमा तुम्ही आखू नका. वाड्याला आखू द्या. ते ओघळ, पाणंद, मोठं हिवर, खडकाची धार अशा खुणा घेतात, ज्या कळप हाकताना लांबून दिसतात. नकाशावर सरळ रेघ मारून चुन्याने आखलेली सीमा मेंढराला कळत नाही आणि पोरगं एकटं राखायला असेल तर त्यालाही राखता येत नाही. तारेचं कुंपण तर घालूच नका. चिंकारा त्यात अडकतो, जुन्या वाटा तुटतात आणि पैसे संपल्यावर तार चोरीला जाते.

कुठला पट्टा कधी उघडायचा, यात मेंढपाळाचं ज्ञान शास्त्राच्या पुढे जातं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कुसळ. कुसळाच्या पिकलेल्या बियांना सुईसारखं अणकुचीदार टोक असतं, त्याच्यावर मागे वळलेली लव, आणि वर लांब काटकी. ही काटकी ओली झाली की पीळ सोडते, वाळली की पीळ घेते, आणि तसं फिरत फिरत बी जमिनीत शिरतं. मेंढीच्या अंगावर पडलं तर तेच बी लोकरीतून कातड्यात घुसतं. तोंडाला जखमा होतात, लोकर खराब होते. त्यामुळे कुसळ कोवळं असतानाच, फुलोरा यायच्या आत, मेंढपाळ ते चारून घेतो आणि मग त्या भागाकडे फिरकत नाही. हीच रीत योजनेत घ्या : कुसळाचे पट्टे आषाढ-श्रावणात चराईला, पवना-डोंगरीचे पट्टे तेवढा वेळ विश्रांतीला. कुसळाचा जोर मोडतो, पवन्याला सवड मिळते, आणि वाड्याच्या नेहमीच्या सवयीला धक्का लागत नाही.

पहिल्या पावसानंतरचे पाच-सहा आठवडे मात्र सगळ्याच माळाला नाजूक असतात. फुटवे बोटभर असताना खुडले गेले तर ठोंब मुळांतला साठा खर्च करतो आणि खचतो. मेंढपाळालाही हे माहीत असतं. पण तेव्हाच वाडा लांबून आलेला असतो, मेंढरं हाडाला लागलेली असतात आणि दुसरीकडे चारा नसतो. इथे बाहेरचा पैसा लागतो. या आठवड्यांपुरता कडबा, हत्ती घासासारखा हिरवा चारा किंवा पडीक खासगी रानं भाड्याने मिळवून द्या. माझ्या मते सगळ्या योजनेत याहून चांगला खर्च दुसरा नाही, आणि निधीच्या अर्जांत नेमका हाच रकाना नसतो. अर्ज करताना तो मागून घ्या.

पायरी पाचवी : पाणी थोपवा, पण माळ खणू नका

ओघळीत, पाणी जोराने वाहतं तिथे, माळावरच्याच सुट्या दगडांचे अनघड बांध घाला. काम उताराच्या वरच्या टोकापासून सुरू करा. जिथे ठोंब शिल्लक आहेत तिथे यंत्राने सलग चर खणू नका. दख्खनच्या माळावर माती वीतभरच असते. ती उलटी करून खालचा मुरूम वर आणला की त्यावर पवना येत नाही, गाजरगवत येतं. चर हे पूर्ण उघड्या, धुपलेल्या उतारांसाठी ठेवा, आणि तिथेही आधी वाड्याला विचारा, मेंढरांची वाट कुठून जाते.

पायरी सहावी : बी

बी जवळच्या माळावरचं घ्या. चार गावं पलीकडे एखाद्या देवराईत, बिरोबाच्या बनात, रेल्वेच्या कडेला, जुन्या राखीव कुरणात पवना आणि मारवेल टिकून असतात, आणि ते कुठे आहेत हे वाड्याला पाठ असतं, कारण त्यांच्या वाटा तिथून जातात. दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, दव वाळल्यावर, ओंबी मुठीत धरून हलकेच ओढायची. पिकलेलं बी हातात येतं, कच्चं येत नाही. निम्म्याहून जास्त ओंब्या जागेवर सोडा. बी सावलीत वाळवा, सुती पिशवीत किंवा पोत्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजून कुजतं. ही बी गोळा करायची मजुरी वाड्यावरच्या आणि गावातल्या बायकांना द्या, किलोवर नको. किलोवर दिली की काड्याच जास्त येतात.

ताजं बी लगेच उगवत नाही. अंजन आणि कुसळ यांना काही महिन्यांची सुप्तावस्था असते, म्हणून दिवाळीचं बी पुढच्या मृगाला वापरणं सोयीचं पडतं. मे महिन्यात १०० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून, फडकं ओलं ठेवत उगवण तपासा. २० सुद्धा उगवल्या नाहीत तर बी जास्त लागेल, हे आधीच कळतं. रानगवतांत उगवण कमीच असते, घाबरू नका.

हे बी हलकं आणि केसाळ असतं, नुसतं फेकलं तर वाऱ्यावर जातं. गाळलेली माती आणि कुटलेलं लेंडीखत मिसळून त्याच्या बारीक गोळ्या करा. जमीन नांगरू नका. बोरी-बाभळीची फेसाटी, म्हणजे काटेरी फांद्यांचा जुडगा, ओढून वरवर ओरखडा, गोळ्या टाका, पुन्हा एकदा फेसाटी ओढा. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरपेक्षा खोल गेलेलं गवताचं बी सहसा वर येत नाही. अंजनासाठी हेक्टरी चार-पाच किलो बी पुरतं.

मारवेलचे मुळासकट ठोंब लावले तर जास्त खात्रीचं. दोन-तीन काड्यांचा एक ठोंब, वरून वीतभर ठेवून छाटलेला, दोन चांगले पाऊस झाल्यावर ५० सेंटीमीटरवर लावायचा. या अंतराने हेक्टरी ४० हजार ठोंब लागतात, म्हणून सगळा माळ लावायच्या भानगडीत पडू नका. ओघळीच्या कडेला, बांधांच्या मागे साचलेल्या गाळात पट्टे लावा. तिथून बी आपोआप खाली उतरत जातं.

पायरी सातवी : उघड्या मुरमावर मेंढरं बसवा

माळावर गवताचं नाव नाही अशा टकलांवर सगळ्यात चांगला उपाय वाड्याकडेच आहे. उन्हाळ्याच्या शेवटी, कळप परतला की, अशा टकलावर तीन-चार रात्री मेंढरं बसवायची आणि मग जागा बदलायची. खुरांनी कडक पापुद्रा फुटतो, लेंडी आणि मूत मुरतं. त्यावर बियांच्या गोळ्या टाकून ती जागा पूर्ण पावसाळा राखायची. एकाच जागी जास्त रात्री बसवलं तर खत जास्त होऊन तणच माजतं. किती रात्री पुरे, हे जमीन बघून मेंढपाळ सांगतो.

याचे पैसे द्या. शेतकरी रानात मेंढरं बसवायचे पैसे देतो, आणि गावच्या माळावर तेच काम ‘श्रमदान’ म्हणून मागणं अन्यायाचं आहे. दर वाड्याशी बोलून शेतातल्या चालू दराएवढा ठरवा आणि रात्र झाली की दुसऱ्या दिवशी हातात द्या.

वेडी बाभूळ आणि इतर घुसखोर

हे थोडक्यात, कारण प्रत्येक जागेची गोष्ट वेगळी आहे. कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात खारट जमीन थोपवायला वेडी बाभूळ लावली आणि पुढे तिने सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या त्या कुरणाचा मोठा भाग गिळला. तिथल्या मालधारींनी, म्हणजे पशुपालकांनी, संघटना बांधली, संस्थांच्या मदतीने काही तुकड्यांतली बाभूळ मुळासकट काढून गवत आणलं, आणि हक्कासाठी हरित न्यायाधिकरणापर्यंत लढले. आपल्याकडे शिकायचं ते इतकंच : वरवर तोडलेली वेडी बाभूळ दुप्पट फुटते, मूळ काढावं लागतं, आणि ज्या वर्षी काढाल त्याच पावसात तिथे गवत लावावं लागतं. तिच्या शेंगा मेंढरं-शेळ्या आवडीने खातात आणि बी लेंडीतून पसरतं, म्हणून शेंगांच्या दिवसांत कळप तिथून थेट राखीव पट्ट्यात नेऊ नये. काही घरांचं सरपण आणि कोळसा तिच्यावर चालतो, त्यांना विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

बाहेरून कोणाकडे काय मागायचं

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात चारापिकांवर संशोधन चालतं, तिथे मारवेलचे सुधारित ठोंब आणि सल्ला मिळू शकतो. उरुळी कांचनची बाएफ संस्था १९६७ पासून पशुपालनात आहे, चाऱ्याच्या बाबतीत तिचा अनुभव मोठा आहे. झाशीची भारतीय चराई व चारा संशोधन संस्था १९६२ पासून याच विषयावर काम करते. पशुसंवर्धन विभागाकडे लसीकरण मागा. पाऊस लागायच्या आत आंत्रविषार या मेंढ्यांच्या आतड्याच्या रोगाची लस वाड्यावर येऊन टोचली गेली, तर तुमच्यावरचा विश्वास कुठल्याही भाषणाने वाढणार नाही इतका वाढतो. रोजगार हमीतून बांधांची आणि चारा विकासाची कामं होऊ शकतात, मात्र ती गावाच्या आराखड्यात वेळेवर घालावी लागतात.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने निधी येईल, पाहुणे येतील, फोटो निघतील. निधी देणाऱ्याला आधीच दोन गोष्टी सांगा : समितीत निम्म्या जागा ज्यांची मेंढरं या माळावर चरतात त्यांच्या असतील, आणि समितीच्या बैठका वाडा घरी असताना होतील. जानेवारीत बैठक ठेवून ‘धनगर आले नाहीत’ असं इतिवृत्तात लिहिणं थांबलं पाहिजे.

मोजायचं कसं

एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी बांबूची किंवा सळईची चौकट करा. बी पडल्यावर माळावर दहा ठिकाणी ती टाका. चांगल्या जागा निवडून टाकू नका, पन्नास-पन्नास पावलांवर टाका. आतलं गवत बुडख्यापासून चार बोटं वर कापा, वाळवा, तोला. सरासरी १०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी एक टन वाळलं गवत. त्यातलं निम्मं माळासाठी सोडायचं, म्हणजे चराईला ५०० किलो. तीस किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा लागतो. २०० मेंढरांचा कळप एका हेक्टरवर अडीच दिवस, आणि २० हेक्टरच्या पट्ट्यावर ५० दिवस. हा हिशेब वाड्यावर सगळ्यांसमोर करा. मेंढपाळाचा अंदाज आणि तुमचा आकडा जवळपास जुळतो तेव्हा दोघांनाही एकमेकांचं पटायला लागतं. जुळला नाही तर चौकट पुन्हा टाका.

दरवर्षी त्याच दगडावर उभं राहून, त्याच दिशेला, त्याच नक्षत्रात फोटो घ्या. सोबत वाड्याच्या खुणाही लिहून ठेवा : यंदा कोकणात किती उशिरा निघालात, किती कोकरं वाचली, दूध कधी आटलं, लोकर कशी निघाली. माळ सुधारल्याचं पहिलं चिन्ह तुमच्या तराजूत येण्याआधी तिथे येतं.

दुष्काळ आणि परगावचे वाडे

दोन प्रश्न पहिल्याच वर्षी सोडवून ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी भांडण होतं.

पहिला दुष्काळाचा. पोळ्यापर्यंत पाऊसच नाही झाला तर राखलेला पट्टा उघडायचा का? उघडावाच लागेल. पण कोणासाठी, किती दिवस आणि कोणी ठरवायचं, हे आधी लिहिलेलं हवं. व्यालेल्या मेंढ्या आणि कोकरं आधी, मोठा कळप नंतर, आणि ठोंब चार बोटांवर आले की बंद, असा नियम बऱ्याच वाड्यांना मान्य होतो, कारण तो त्यांच्याच रीतीच्या जवळचा आहे.

दुसरा परगावच्या वाड्यांचा. तुमच्या गावचे वाडे हिवाळ्यात जसे दुसऱ्यांच्या शिवारात जातात, तसे दुसरे वाडे तुमच्या माळावरून जातात. त्यांना अडवलं तर पुढच्या साली तुमचे वाडे त्यांच्या गावात अडतात. वाटेचा पट्टा मोकळा ठेवा, मुक्काम किती रात्रींचा आणि कुठे, ते ठरवा. हे ठरवायला ग्रामसेवक किंवा संस्थेचा माणूस न जाता वाड्यातले जाणते जाऊ द्या. त्यांची सोयरीक, ओळखी आणि जत्रेतलं बोलणं त्या वाटेवर आधीच आहे. तुम्ही ठरलेलं कागदावर घ्या आणि दोन्ही गावांच्या ग्रामसभांत वाचून दाखवा.

पहिल्या वर्षी सगळा माळ हातात घेऊ नका. एक पट्टा, त्यातली दोन-तीन टकलं, एक ओघळ, एवढंच. आणि सुरुवात पावसाळ्यात न करता दसऱ्याला करा, वाडा निघायच्या आत : बी गोळा होतं, नकाशा होतो, हद्द मोजायला अर्ज जातो, आणि वाडा मृगाला परत येईल तेव्हा चाऱ्याची सोय करून ठेवायला तुमच्याकडे पुरते सात महिने असतात.